अंथरुणातून उठवण्याची लढाई : म्हातारपण, आराम आणि घरातला व्यायाम

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी भाग.

इतिहास म्हटलं की आपल्याला गड, तह आणि घोडदळ आठवतं. आजच्या भागातही लढाई आहे, पण ती एका पलंगाशी आहे. म्हाताऱ्या माणसानं पडून राहावं की उठून हालचाल करावी, या प्रश्नावर डॉक्टर लोक दीडएकशे वर्षं भांडले. त्या भांडणाचा निकाल लागलाय. पण तो आपल्या घरात अजून नीट पोचलेला नाही. आपल्या घरात अजून काय चालतं? "आजी, तुम्ही बसा, मी आणते." "बाबा, आता वय झालं, आराम करा." हे आपण मायेनं बोलतो, यात शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की या मायेचा आजीच्या पायांवर काय परिणाम होतो.

अंथरूण हेच औषध

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला आजारी माणसाला झोपवून ठेवणं हा साधा सल्ला नव्हता, तो उपचार होता. ऑपरेशन झालं, झोपा. बाळंतपण झालं, झोपा. हृदयविकाराचा झटका आला तर चार ते सहा आठवडे पलंगावर, आणि सुरुवातीला जेवणही दुसऱ्यानं भरवायचं. तर्क सरळ होता : मोडलेलं हाड हलवायचं नसतं, तसं दमलेलं शरीरही हलवू नये.

तरुण माणूस यातून कसाबसा बाहेर पडायचा. म्हातारा मात्र पलंगाला खिळला की बहुतेक वेळा तिथेच राहायचा. आणि मग सगळे म्हणायचे, "वयच झालं होतं." म्हणजे दोष वयाचा, पलंगाचा नाही!

७१४ माणसं आणि एक डॉक्टर बाई

१९३५ साल. लंडनच्या पश्चिमेला वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटल. शेजारी एक जुना अनाथालयवजा दवाखाना होता. गरिबांसाठीच्या कायद्याखाली चालणारी ही जागा. ती हॉस्पिटलच्या ताब्यात आली, आणि तिथल्या ७१४ माणसांची जबाबदारी मार्जरी वॉरन नावाच्या डॉक्टर बाईंकडे आली. यातले बरेचसे वयस्कर, कित्येक वर्षं अंथरुणावर असलेले, 'असाध्य' असा शिक्का बसलेले.

वॉरनबाईंनी जे केलं ते आज ऐकायला फार साधं वाटतं. त्यांनी एकेकाला तपासलं. कोणाला काय झालंय, कोण का झोपून आहे, हे वेगवेगळं केलं. कुणाला पक्षाघात झालेला, कुणाचं हाड कधीतरी मोडलेलं, कुणाला तर झोपून राहण्यापलीकडे विशेष काही झालेलंच नव्हतं. मग वॉर्डाला चांगला रंग दिला, उजेड वाढवला, आणि माणसांना हळूहळू बसतं, उभं, चालतं करायला सुरुवात केली. ज्यांच्याबद्दल सगळ्यांनी आशा सोडली होती, त्यातले कितीतरी उठले. काही तर घरी परत गेले.

१९४३ आणि १९४६ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिले आणि म्हटलं की म्हाताऱ्यांचं वैद्यक ही स्वतंत्र शाखा हवी. आज ज्याला आपण जेरियाट्रिक्स म्हणतो, त्या शाखेची आई म्हणून ब्रिटनमध्ये त्यांचंच नाव घेतात.

पुढच्याच वर्षी, १९४७ च्या डिसेंबरात, रिचर्ड अ‍ॅशर नावाच्या लंडनच्या डॉक्टरनं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक तिखट लेख लिहिला. विषय : अंथरुणात झोपण्याचे धोके. फुप्फुसं, रक्तवाहिन्या, कातडी, स्नायू, हाडं, पोट, मन... एकेक अवयव घेऊन त्यांनी दाखवलं की पडून राहिल्यानं कुठे काय बिघडतं. रक्ताच्या गुठळ्या, शय्याव्रण, आखडलेले सांधे, ठिसूळ हाडं, आणि शेवटी उठायची इच्छाच मरणं. (जाता जाता : याच अ‍ॅशर डॉक्टरांच्या घरी पुढे बीटल्सचा पॉल मॅकार्टनी राहायला होता, कारण डॉक्टरांची मुलगी जेन ही त्याची मैत्रीण. 'यस्टरडे'ची चाल त्याला त्याच घरात सुचली. असो.)

मग १९५२ मध्ये बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या दोन डॉक्टरांनी हृदयविकाराच्या पेशंटना पलंगाऐवजी खुर्चीत बसवायला सुरुवात केली. आज हे वाचताना वाटतं, त्यात एवढं काय? पण तेव्हा हे धाडस होतं.

त्याच काळात औंधला आणि टोकियोला

इकडे डॉक्टर मंडळी हॉस्पिटलात भांडत असताना घरातल्या व्यायामाची एक वेगळीच गोष्ट घडत होती. आणि त्यातलं एक टोक आपल्या सातारा जिल्ह्यात आहे.

औंध संस्थानचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, ज्यांना सगळे बाळासाहेब म्हणायचे. जन्म १८६८. माणूस अफाट. स्वतः चित्रकार, कीर्तनकार. औंधचं संग्रहालय त्यांचं. किर्लोस्करवाडीला जागा दिली ती त्यांनी. तरुणपणी ते युजीन सँडो या गाजलेल्या पहिलवानाच्या पद्धतीनं व्यायाम करायचे. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग आयुष्यभर सोडलं नाही. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तकं लिहिली, तक्ते छापले.

१९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. तिथे लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंना या राजाच्या तब्येतीचं कुतूहल वाटलं. त्यातून १९३८ मध्ये लंडनमध्ये एक इंग्रजी पुस्तक निघालं, नमस्काराच्या दहा स्थिती समजावून सांगणारं. बाळासाहेब गेले १९५१ मध्ये, ८२ व्या वर्षी.

मला या गोष्टीत राजापेक्षा त्याचा युक्तिवाद जास्त आवडतो. नमस्काराला काय लागतं? स्वतःच्या उंचीएवढी जमीन. आखाडा नको, मुद्गल नको, पैसे नकोत, पाऊस असला तरी अडत नाही. बाई असो, म्हातारा असो, घराबाहेर पडायची गरज नाही. म्हणजे ज्यांना तालमीचं दार बंद होतं त्यांच्यासाठी हा व्यायाम होता.

दुसरं टोक जपानमध्ये. १ नोव्हेंबर १९२८ पासून तिथे रेडिओवर व्यायाम सुरू झाला. 'राजिओ ताइसो'. पियानोची धून आणि सूचना देणारा आवाज. लोक आपापल्या जागी उभं राहून ऐकत ऐकत करणार. गंमत म्हणजे ही कल्पना पोस्टाच्या विमा खात्याची. ती त्यांनी अमेरिकेतून उचलली, तिथे एक आयुर्विमा कंपनी रेडिओवरून व्यायाम घ्यायची. विमा कंपनीला व्यायामात रस का, हे तुमच्या लक्षात आलं असेल : माणूस जितका जगेल तितके हप्ते भरेल! युद्धानंतर हा कार्यक्रम काही वर्षं बंद पडला, १९५१ मध्ये नव्या रूपात परत आला, आणि आजही रोज सकाळी साडेसहाला लागतो. जपानमध्ये त्याच्या तालावर हात हलवणाऱ्यांत आजी-आजोबांची संख्या मोठी आहे. त्यांचा टीव्हीवरचा जो प्रकार आहे त्यात एक जण खुर्चीत बसूनही करून दाखवतो. म्हणजे उभं राहता येत नाही ही सबबसुद्धा ऐकून घेत नाहीत.

म्हणजे ऐकून व्यायाम करणं हे काही पॉडकास्टवाल्यांनी शोधलेलं नाही, मंडळी.

वीस दिवस विरुद्ध तीस वर्षं

आता मला सगळ्यात जास्त आवडणारा प्रयोग. १९६६, अमेरिकेतलं डॅलस. पाच मुलं घेतली, वय विशीच्या आसपास, धडधाकट. त्यांना सलग वीस दिवस पलंगावर झोपवून ठेवलं. उठायचंच नाही. शेवटी त्यांची दमश्वासाची ताकद मोजली, म्हणजे जोर लावून धावताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते. ती एक चतुर्थांशाहून जास्त घसरली होती. वीस दिवसांत! बेंग्ट साल्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९६८ मध्ये छापलं. त्यानंतर हृदयरोग्यांना लवकर उठवण्याला जोर आला.

पण गोष्ट इथे संपत नाही. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, तीच पाच माणसं पुन्हा शोधून काढली. आता पन्नाशीतली, वजन वाढलेली. पुन्हा तेच मोजलं. आणि काय दिसलं? तीस वर्षांच्या वयानं जेवढी ताकद नेली होती, त्याच्यापेक्षा जास्त ताकद विशीतल्या त्या वीस दिवसांच्या झोपण्यानं नेली होती. मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत चालण्या-धावण्याचा, सायकलचा व्यायाम दिला, आणि वयानं गेलेली ती घट भरून निघाली.

हे पुन्हा एकदा वाचा. आपण ज्याला "वय झालं" म्हणतो, त्यात वयाचा वाटा किती आणि बसून राहण्याचा किती, हे वेगळं करून बघणारा हा प्रयोग आहे. फक्त पाच माणसांचा आहे, हे लक्षात ठेवून. पण नंतर आलेला पुरावा त्याच दिशेनं जातो.

नव्वदीतले वजन उचलणारे

"पन्नाशीचं ठीक आहे हो, पण नव्वदीत काय?" हा प्रश्न १९९० मध्ये बॉस्टनच्या मारिया फिआटारोन यांनी विचारला. एका वृद्धालयातले दहा जण, सरासरी वय नव्वद. आठवडे आठ. आठवड्यातून तीनदा मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, तोही बोटचेपा नाही, चांगलं वजन लावून. नऊ जणांनी तो पूर्ण केला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे जेवढी होती तिच्या पावणेतीन पटींच्या आसपास. दोघांनी काठी सोडली.

आणि एक कडू भागही त्याच अभ्यासात आहे. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत कमावलेल्या ताकदीतली जवळजवळ तिसरा हिस्सा गळून गेली. म्हणजे हे एकदाच घ्यायचं इंजेक्शन नाही. हे रोजचं पाणी भरणं आहे.

१९९४ मध्ये त्यांनीच शंभर जणांवर मोठा अभ्यास केला, सरासरी वय ८७. काहींना व्यायाम दिला, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. व्यायामवाल्यांची ताकद, चालण्याचा वेग, जिना चढणं, सगळं सुधारलं. नुसत्या पौष्टिक पेयानं अशक्तपणा कमी झाला नाही. आपल्याकडे आजीला बरं नसलं की मेडिकलमधून पावडरचा डबा आणायची रीत आहे. डबा वाईट नाही. पण तो पिऊन आजी खुर्चीतच बसणार असेल तर त्याचा पायांना फारसा उपयोग नाही.

याच सुमारास, १९८९ मध्ये, वयाबरोबर स्नायू झिजण्याला 'सार्कोपेनिया' हे नाव मिळालं. नाव मिळालं की आजार मोजता येतो, आणि मोजता आला की त्यावर काम होतं.

न्यूझीलंडच्या आज्या आणि त्यांची स्वयंपाकघरं

आता घराकडे येऊ. वरचे प्रयोग हॉस्पिटलात, वृद्धालयात, यंत्रांवर झाले. पण ऐंशीतली बाई रोज जिमला जाणार आहे का? न्यूझीलंडमधल्या डनिडन शहरात जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा केला : जिम त्यांच्या घरी गेली तर?

ऐंशी वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या २३३ बायका. निम्म्यांच्या घरी फिजिओथेरपिस्ट पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा गेल्या. प्रत्येकीची ताकद बघून व्यायाम ठरवला : घोट्याला छोटी वजनं बांधून पाय उचलणं, खुर्चीतून उठणं-बसणं, ओट्याला किंवा टेबलाला धरून टाचांवर आणि बोटांवर उभं राहणं, एकापुढे एक पाऊल ठेवून चालणं. साधारण अर्धा तास, आठवड्यातून तीनदा, आणि जमेल तसं बाहेर चालणं. उरलेल्या निम्म्यांच्या घरी फक्त गप्पा मारायला माणूस जायचं, म्हणजे घरी कोणी आल्याचाच फायदा झाला असं म्हणायला जागा राहू नये म्हणून.

वर्षभरानंतर मोजलं. गप्पांच्या गटात १५२ वेळा पडणं झालं, व्यायामाच्या गटात ८८ वेळा. हे १९९७ मध्ये छापून आलं. पुढे याच पद्धतीला त्या भागावरून 'ओटागो' म्हणायला लागले आणि ती जगभर गेली.

पडण्यावर एवढा भर का? कारण म्हातारपणी पडणं ही एका क्षणाची गोष्ट नसते. खुबा मोडतो, ऑपरेशन होतं, मग पलंग. आणि पलंग काय करतो हे आपण डॅलसला बघितलं. शिवाय एकदा पडलेलं माणूस भितं. भितं म्हणून कमी हलतं. कमी हलतं म्हणून पाय कमजोर होतात. पाय कमजोर म्हणून पुन्हा पडतं. या चक्राला कुठेतरी आडवं जायला लागतं, आणि सगळ्यात स्वस्तात आडवं जाता येतं ते पायांच्या व्यायामानं.

२०१९ मध्ये अशा १०८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात तेवीस हजारांहून जास्त माणसं होती. निष्कर्ष : घरी राहणाऱ्या वयस्कर लोकांत व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं. सगळ्यात खात्रीचा फायदा तोलाच्या आणि रोजच्या हालचालींशी जुळणाऱ्या व्यायामाचा. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही ६५ च्या पुढच्यांना सांगितलं : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, शिवाय तीन दिवस तोल आणि ताकद दोन्ही लागेल असा व्यायाम.

आपल्या घरात

माझी आजी सांगलीला असते, वय ७९. दोन वर्षांपूर्वी बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून तिचं मनगट मोडलं. प्लास्टर हाताला होतं, पण सगळ्या घरानं तिला पायांनीही बसवलं. पाणी हातात, ताट हातात, देवपूजासुद्धा खुर्चीतून. प्लास्टर निघालं तेव्हा हात बरा होता आणि खुर्चीतून उठायला मात्र दोघं लागायचे.

नंतर एक फिजिओथेरपिस्ट ताई घरी आल्या. त्यांनी कुठलंही यंत्र आणलं नाही. भिंतीला टेकवलेली लाकडी खुर्ची, आणि स्वयंपाकाचा ओटा. खुर्चीतून पाच वेळा उठायचं, शक्यतो हाताचा आधार न घेता. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायच्या. आजी पहिल्या दिवशी वैतागली होती. "या वयात मला शाळेत घालताय होय?" पण कुकर रोज लागतो, त्यामुळे व्यायामही रोज झाला. आता ती एकटी उठते. आणि तिला सर्वात जास्त आनंद कशाचा आहे, तर आपल्या हातानं चहा करून आलेल्या माणसाला देता येतो याचा.

मला वाटतं, या सगळ्या इतिहासात खरं पणाला लागलेलं हेच आहे. किती वर्षं जास्त जगलो हा मुद्दा आहेच, पण संडासला जाताना कोणाला हाक मारायला लागते की नाही, हा त्याहून मोठा मुद्दा आहे. आपल्या आधीच्या पिढ्या जमिनीवर जेवायला बसायच्या, जमिनीवरून उठायच्या, जात्यावर दळायच्या, आडावरून पाणी आणायच्या. त्या कष्टांचं कौतुक करायचं कारण नाही. त्यात बायकांची आयुष्यं झिजली. पण त्या कामांबरोबर पायांना मिळणारं काम गेलं, हेही खरं. फ्लॅट आला, डायनिंग टेबल आलं, कमोड आला. गुडघ्यांची सोय झाली, आणि मांड्यांना दिवसभर करायला काही उरलं नाही. ते आता वेगळं करून द्यावं लागतं.

तर ऐकणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांच्यासाठी दोनचार गोष्टी. सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः हृदयविकार, चक्कर, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा हाडं ठिसूळ असतील तर. औंधच्या राजांना नमस्कार जमायचे म्हणून तुमच्या आजोबांना ऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा ते घालायला लावू नका; वाकून उठण्यात तोल जाऊ शकतो. खुर्ची चाकांची नको, प्लास्टिकची हलकी नको. पायाखाली गोधडी किंवा घसरणारी चटई नको. धरायला ओटा किंवा भिंत हवी. छातीत दुखलं, दम कोंडला, चक्कर आली तर लगेच थांबायचं. आणि अगदी थोड्यानं सुरुवात करून दर आठवड्याला जरा जरा वाढवायचं, कारण बॉस्टनच्या त्या नव्वदीतल्या मंडळींना फरक पडला तो वजन वाढवत नेल्यामुळेच.

आणि तुमचं काम? मोबाईल त्यांच्या हातात देऊन व्हिडिओ लावून निघून जाऊ नका. पहिले काही आठवडे शेजारी उभे राहा. तुम्हीही पाच वेळा खुर्चीतून उठा. दिवसभर रील बघत बसणाऱ्या आपल्या मांड्यांनाही त्याची गरज आहे.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरात कोणी असा व्यायाम करत असेल तर कळवा, वाचायला आवडेल. आणि हा भाग आजीला पाठवण्यापेक्षा तिच्याजवळ बसून ऐकवा. पुढच्या भागात भेटू. तोवर, राम राम.